दानापलीकडचा न्याय

पोप सहावे पॉल यांचे ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक २६ मार्च १९६७ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्याशी आपला एक जुना ऋणानुबंध आहे. डिसेंबर १९६४ मध्ये युखरिस्तिक परिषदेसाठी पोप मुंबईस आले होते. शस्त्रास्त्रांवरील खर्चातून काही भाग वळवून गरीब राष्ट्रांसाठी जागतिक निधी उभारावा, हे आवाहन त्यांनी मुंबईतच केले आणि परिपत्रकात त्याचे स्मरणही ठेवले.

या परिपत्रकाकडे आपण बहुधा दानधर्माचे आवाहन म्हणून पाहतो. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. त्याचे खरे सामर्थ्य व्यापाराविषयीच्या विवेचनात आहे. गरजेने गांजलेल्या मजुराने कमी वेतन मान्य केले, एवढ्याने तो करार न्याय्य ठरत नाही, असे तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये प्रतिपादिले होते. सहावे पॉल यांनी तोच निकष राष्ट्रांना लावला. दोन पक्ष फारच विषम असतील, तर केवळ संमतीने सौदा न्याय्य होत नाही. कच्चा माल विकणारा देश आणि यंत्रे विकणारा देश यांच्यातील दरी भीक घालून बुजत नाही, हे त्यांनी ओळखले.

आजचे उदाहरण कोकोचे घेऊ. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश पिकवितात. शेतकऱ्याला जगण्यापुरते मिळावे म्हणून २०१९ मध्ये त्यांनी टनामागे ४०० डॉलर जादा आकारण्याचे ठरविले. पण पुढे त्यांच्या मालाला मिळणारे दुसरे अधिमूल्य बाजारात घसरले आणि वाढीचा बराचसा लाभ विरून गेला. पीक ज्याचे, भाव मात्र त्याचा नव्हे!

येथेच परिपत्रकाची उणीव आम्हांला जाणवते. देणाऱ्या-घेणाऱ्यांनी संवाद साधावा, राष्ट्रांनी स्वतःचे भवितव्य स्वतः घडवावे, हे ते सांगते. परंतु निर्णयाच्या मेजावर कोणाचे मत किती वजनाचे, हा प्रश्न ते नेटाने विचारीत नाही. आपल्या गावच्या सहकारी पतपेढीत शेअर कितीही असोत, सभासदाला एकच मत असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मात्र वर्गणीच्या प्रमाणात मते मिळतात. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के असल्याने तिच्या नकारापुढे इतरांचे काही चालत नाही. लोकसंख्येत सर्वांत मोठ्या असलेल्या भारताकडे तीन टक्क्यांहूनही कमी मते आहेत. कर्जाच्या अटी घालणारे एक आणि सोसणारे दुसरे, अशी ही रचना आहे.

परिपत्रकाची भिस्त श्रीमंतांच्या सदसद्विवेकावर आहे. तो विवेक किती जागा झाला? राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के साहाय्य देण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये ठरविले. बहुतेक धनिक देश आजही त्याच्या अलीकडेच आहेत.

म्हणून हे परिपत्रक बाजूस सारावे काय? मुळीच नाही. उलट, त्यातील न्यायाचा निकष त्याने जेथे सोडला तेथून पुढे नेला पाहिजे. संमतीने होणारा विषम सौदा अन्याय्य असेल, तर विषम मतांनी होणारा निर्णयही त्याच कसोटीवर घासून पाहावा लागेल. गरीब राष्ट्रांना ताटात काय वाढले, एवढेच विचारून भागणार नाही. पंगत कोणी मांडली, हेही आपण विचारले पाहिजे.