सव्वीस शेवटांची गोष्ट

आपल्याकडे ‘कळलं नाही’ असं उघड म्हणण्याची रीत नाही. प्रायोगिक नाटक सुटलं की मंडळी बाहेर चहाच्या गाडीशी जमतात, बराच वेळ कपात बघत राहतात आणि मग कुणीतरी म्हणतं, “वेगळं होतं.” वेगळं म्हणजे कळलं नाही. ‘प्रयत्न चांगला आहे’ म्हणजे कळलं नाही आणि तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं होतं. ‘पुन्हा एकदा बघायला हवं’ म्हणजे कळलं नाही, पण पास फुकट मिळाला होता.

या तिन्ही वाक्यांना पुरून उरेल अशी एक गोष्ट दोन महिने आमच्या मांजरीच्या घरी मुक्कामाला होती. नाटक नव्हे, सिनेमा नव्हे, कादंबरीही नव्हे. व्हिडिओ गेम. नाव ‘नीअर : ऑटोमाटा’. २०१७ साली ती जपानात निघाली आणि योको तारो नावाचे गृहस्थ तिचे कर्ते. हे गृहस्थ चारचौघांत येतात ते डोक्यावर एक भलामोठा हसरा मुखवटा चढवून. ज्याची गोष्ट लोकांना कळत नाही त्यानं तोंड झाकून फिरावं, यात मला तरी गैर दिसत नाही. ही सोय मराठीत असती तर पुष्कळांची झाली असती.

गेम आणला भाच्यानं. तो मगरपट्ट्यात नोकरीला आहे. भाड्याची खोली मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे आला, तो एका पिशवीत कपडे आणि दोन पिशव्यांत वायरी घेऊन. आमच्या मांजरीत एकीकडे द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, दुसरीकडे उसाचा अभ्यास करणारी वसंतदादा इन्स्टिट्यूट आहे. वांग्याच्या एका वाणाला तर गावाचंच नाव आहे, ‘मांजरी गोटा’. असल्या हवेत राहून कोचावर बसल्या बसल्या एका गोष्टीचा उलगडा होऊ नये हे मला पटेना. मी वही-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसायला लागलो.

“मामा, गेमला कुणी वही घेऊन बसतं का?”

“बसत नाही, म्हणूनच तुम्हाला कळत नाही.”

तर गोष्ट अशी. साल ११९४५. छपाईची चूक नव्हे, अकरा हजार नऊशे पंचेचाळीसच. ५०१२ साली परग्रहावरच्या लोकांनी पृथ्वीवर हल्ला केला, स्वतः न लढता यंत्रं पाठवली. माणसं चंद्रावर पळाली आणि त्यांनी लढायला अँड्रॉइड धाडले. हे दिसायला हुबेहूब माणसासारखे, तरुण, देखणे, आणि डोळ्यांवर गांधारीसारखी काळी पट्टी. त्यातली टू-बी ही नायिका आणि नाइन-एस हा तिच्याबरोबरचा पोरगेला टेहळ्या. छातीवर हात ठेवून मानवजातीचा जयजयकार करायचा आणि यंत्रं फोडायची, हे त्यांचं काम. एवढ्यावर थांबलं तर गोष्ट सरळ आहे. पोरं पहिल्या दिवशी इथपर्यंत आनंदात असतात.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर पडते. परग्रहावरचे ते धनी केव्हाच मेलेत, त्यांच्याच यंत्रांनी त्यांना मारलं. हा पहिला धक्का. दुसरा त्याहून मोठा. चंद्रावर माणसं नाहीतच. हल्ला झाला त्याच्याही आधी माणूस नावाचा प्राणी संपला होता. चंद्रावर आहे ते फक्त माणसाचं दप्तर, त्याच्या माहितीचा साठा. चंद्रावरून येणारे संदेश अँड्रॉइडनीच रचलेले. म्हणजे दोन्हीकडचे धनी मेलेले, आणि नोकर मात्र हजारो वर्षं एकमेकांचे गळे धरून बसलेले.

भाचा इथं डोकं धरून बसला. मी मात्र वही मिटून ठेवली, कारण मी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली आहे. आमच्या कचेरीतून दरमहा एक विवरणपत्र चार प्रतींत एका कक्षाकडे जात असे. एकदा एक नवा कारकून मुंबईला गेला तेव्हा त्यानं सहज चौकशी केली. तो कक्ष सहा वर्षांपूर्वीच बंद झाला होता. ही बातमी कचेरीत आली तेव्हा तासभर शांतता पसरली. पुढच्या महिन्यात विवरणपत्र गेलं ते पाच प्रतींत. ‘वरून आलंय’ या दोन शब्दांत केवढी उमेद आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला हा गेम अर्ध्याहून अधिक कळला असं समजावं.

लांब कशाला जा! २०२१ साली आमचं मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, ग्रामपंचायत संपली. २०२२च्या मार्चमध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं दीर्घकाळ प्रशासकच होते. आमच्या सोसायटीत मात्र त्या सबंध काळात दोन गट दोन पुढाऱ्यांच्या नावानं पार्किंगवरून हिरीरीनं भांडत होते. दोघांपैकी एकाही पुढाऱ्याला आमच्या पार्किंगची खबर असेल, असं वाटत नाही.

योको तारोंचं मोठेपण असं, की ते या गोष्टीला थट्टा करत नाहीत. अँड्रॉइडची सेनापती बाई नाइन-एसला हे सगळं सांगते तेव्हा तिचं म्हणणं साधारण असं पडतं, की कारणाशिवाय कुणी लढत नाही, मरायलाही काहीतरी लागतं, म्हणून आम्ही माणूस जिवंत ठेवला. ही बाई लबाड आहे का? मी वहीत आधी ‘लबाड’ लिहिलेलं नाही आणि नंतरही लिहिलं नाही. ज्या घरात म्हातारीला मुलगा गेल्याची बातमी सांगत नाहीत आणि त्याच्या नावानं पत्रं लिहीत राहतात, त्या घरातल्या माणसांना आपण लबाड म्हणतो का?

आता घोटाळ्याकडे येऊ. पहिला घोटाळा म्हणजे गेम संपतो. नामावली येते, मंडळी टाळ्या वाजवतात, आणि भाचा म्हणतो, “आता सुरू होईल.” मग तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, फक्त या खेपेला टू-बीऐवजी नाइन-एसच्या अंगानं. कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण असतं आणि मग उत्तररंगात आख्यान. इथं बुवांनी आख्यान आधी लावलं, आणि निरूपण ठेवलं श्रोते चपला घालायला उठल्यावर. पहिल्या शेवटाला गेम बंद करणारे लोक पुष्कळ असतील. त्यांनी आख्यान ऐकलं, प्रसाद घेतला, पण विषय काय होता हे त्यांना विचारू नये.

हा दुहेरीपणा मला उगाच वाटत नाही. एकच लग्न मुलाकडच्यांनी सांगितलेलं आणि मुलीकडच्यांनी सांगितलेलं कधी ऐकलंय? मांडव तोच, जिलबी तीच, पण दोन वेगळी लग्नं. पहिल्या खेपेला फोडलेली यंत्रं नुसती लोखंडाची डबडी होती. दुसऱ्या खेपेला कळतं, की त्यातलं एक आपल्या मोडक्या भावाला उठवायला बादलीतून तेल आणून ओतत होतं.

आणि टू-बी. सुरुवातीला ती फार तुसडी वाटते. नाइन-एस बिचारा गप्पा मारायला येतो, ही म्हणते भावनांना मनाई आहे. आमची ही म्हणाली सुद्धा, “काय बाई आखडू आहे!” पुढं फार उशिरा कळतं, की टू-बीचं नावच खोटं. तिची नेमणूक लढायला नाही, नाइन-एसला मारायला आहे. तो हुशार, दर वेळी चंद्राच्या रहस्यापर्यंत पोचतो, आणि पोचला की हिनं त्याला मारायचं. मग त्याची जुनी प्रत नव्या अंगात घालतात, त्याला काही आठवत नाही, आणि तो पुन्हा हसत गप्पा मारायला येतो. तिला मात्र सगळं आठवतं. हे कळल्यावर पहिल्या दिवसाचा तो तुसडेपणा आठवावा. आमच्या हिनं आठवला आणि ‘आखडू’ हा शब्द परत घेतला. एखाद्या गोष्टीनं वाचकाला मागं वळून सगळं पुन्हा वाचायला लावावं, यापरतं लेखकाला काय हवं?

तत्त्वज्ञांच्या बाबतीत मात्र तारोंचा हात सैल सुटलाय. यंत्रांची नावं काय, तर पास्कल, मार्क्स, एंगेल्स, हेगेल, किर्केगार्ड. कुणा भक्तांकडे ढुंकूनही न बघणारा एक ज्याँ-पॉल, म्हणजे सार्त्र. त्यानं आपल्याकडे बघावं म्हणून नटूनथटून अखेर राक्षसीण झालेली एक सिमोन. आपल्याकडे लेखात दोन परिच्छेदांआड काफ्का आणि काम्यू आले की लेख विद्वत्तेचा धरतात, तशातलाच हा प्रकार. एंगेल्स नावाचं इमारतीएवढं यंत्र करवती हात घेऊन अंगावर येतं, त्यात भांडवलशाहीविषयी काय सांगायचंय ते एंगेल्सलाच ठाऊक.

अपवाद एक पास्कल. लढाई सोडून दिलेल्या यंत्रांचं गाव वसवणारा हा म्हातारा पोरांना शिकवतो, नीत्शे वाचतो. पोरांनी संकटापासून लांब राहावं म्हणून तो त्यांना भीती म्हणजे काय ते शिकवतो. गावावर हल्ला होतो, पास्कल पोरांना लपवतो, लढून परत येतो, तर सगळी पोरं स्वतःच्या हातानं मेलेली. भीती शिकली होती ना. मग तो आपल्याला विनवतो, मला मारा, नाहीतर माझी आठवण पुसा. भाच्यानं दहा मिनिटं हात लावला नाही. शेवटी आठवण पुसली. पुढं गावात गेलो तर पास्कल दुकान मांडून बसलेला, आणि विकत होता कुठून आले ठाऊक नसलेले लहान पोरांचे सुटे भाग. आमची ही उठून आत गेली. बराच वेळ कुकरची शिट्टी झाली नाही.

असल्या चक्रावणाऱ्या गोष्टींची मराठी माणसाला सवय नाही असं नाही. मुखवटासुद्धा आपल्याकडे होता. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पंतांना अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पडतात, जिथं १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. पण नारळीकर हाडाचे शिक्षक. वाचकाला गोंधळात सोडून ते घरी जात नाहीत. शेवटी एक शास्त्रज्ञ मित्र येऊन सगळं समजावून देतो, पुंजभौतिकी वगैरे. मांजरीत राहणाऱ्याला श्रोडिंगरच्या मांजराची भीती वाटू नये, म्हणून तो भाग मला विशेष आवडतो.

तारो समजावून देत नाहीत. उलट गोष्टीचे तुकडे लांब लांब टाकून ठेवतात. माणसं मुळात संपली कशी, ते २०१० सालच्या निराळ्या गेममध्ये. ए-टू ही तिसरी नायिका स्वतःच्या पलटणीतून फुटून का हिंडते, ते जपानात रंगभूमीवर झालेल्या नाटकात. म्हणजे भरत नाट्य मंदिरात पहिला अंक बघा आणि दुसऱ्यासाठी टोकियोला जा. भाच्यानं कुणीतरी केलेला एक तक्ता दाखवला. त्यात सालवार सगळं ओळीनं मांडलेलं होतं. मी तो पूर्ण वाचला. सगळं कळलं आणि काहीच वाटलं नाही. तक्ता वाचणाऱ्याला चंद्र रिकामा आहे हे तिसऱ्या ओळीतच ठाऊक होतं. खेळणाऱ्यानं मात्र वीस-पंचवीस तास छातीवर हात ठेवून जयजयकार केलेला असतो. त्याच्या बोटांनी हुकूम पाळलेले असतात. हा घोटाळा तारोंनी विसरभोळेपणानं केलेला नाही. हुकूम पाळणाऱ्याला सगळं कधीच ओळीनं सांगत नाहीत, ते त्यांनी आपल्यालाही सांगितलं नाही, इतकंच.

या गेमला शेवट सव्वीस आहेत, एपासून झेडपर्यंत. त्यातले पाच खरे, बाकीचे गंमतीचे. कामगिरी सोडून भलतीकडे चालू लागलात, संपलात. एका शेवटात बांगड्याच्या जातीचा मासा खाल्ला की अँड्रॉइडच्या अंगातलं पाणी गोठतं आणि तो मरतो. आमची ही मूळची मालवणची. बांगडा खाऊन मरण येतं हे तिला तत्त्वतःच मान्य नव्हतं. तो शेवट बघायचाच, असं तिनं भाच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पण आधी पाचवा शेवट आला. नामावली सुरू झाली आणि त्या नावांशीच लढाई लागली. एकट्यानं जिंकणं शक्य नाही. भाचा कितीदा तरी मेला. दर मरणाला गेम विचारतो, हार मानतोस का? मग कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी खेळणाऱ्यांचे धीराचे चार शब्द पडद्यावर आले, मदत घेतोस का असं विचारलं, आणि त्यांची विमानं त्याच्याभोवती येऊन लढायला लागली. एकेक गोळीला एकेक विमान पडत होतं. जिंकल्यावर कळलं, की ज्यांची विमानं पडली त्यांनी आपला सगळा जमवलेला खेळ देऊन टाकला होता. आता गेमनं यालाही विचारलं, तू देतोस का? ज्याला मदत होईल त्याचं नाव तुला कळणार नाही. तो आभार मानणार नाही. तुला आवडणार नाही असाही कुणी असेल.

वरून हुकूम नव्हता. वर कुणी नव्हतंच.

“दोन महिन्यांची मेहनत आहे रे,” मी म्हणालो.

“पण मघाशी मला कुणीतरी दिलीच ना, मामा,” तो म्हणाला आणि त्यानं ‘हो’वर बोट ठेवलं. पडद्यावर पानांमागून पानं कोरी होत गेली. हत्यारं गेली, नकाशे गेले, पास्कलचं गावसुद्धा गेलं.

“अरे पण,” ही आतून पदराला हात पुसत आली, “तो बांगडा खायचा राहिला की!”