प्राध्यापक खोराना यांचे पेशीपटलविषयक संशोधन : एक मूल्यमापन

प्राध्यापक हर गोविंद खोराना यांचे नाव निघाले, की १९६८ चे नोबेल पारितोषिक व आनुवंशिक संकेताचा उलगडा यांचेच स्मरण होते. १९७० मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जीवशास्त्राचे व रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तेथे पेशीपटलातील प्रथिने व लिपिडे यांकडे वळले. हे उत्तरकार्य पूर्वकार्याचे केवळ परिशिष्ट मानणे न्याय्य ठरणार नाही.

पटलातील प्रथिने लिपिडांच्या दुहेरी थरात रुतलेली असतात. थरातून अलग करताच त्यांची घडण बिघडते. त्यामुळे प्रथिनरसायनाच्या रूढ पद्धती येथे तोकड्या पडत. खोराना यांनी निवडले ते बॅक्टीरिओऱ्होडॉप्सिन, म्हणजे लवणप्रिय सूक्ष्मजीवांतील प्रकाशाच्या बळावर प्रोटॉन पलीकडे ढकलणारे जांभळे प्रथिन. १९७९ मध्ये त्याच्या २४८ ॲमिनो अम्लांचा अनुक्रम त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला.

१९८१ चा प्रयोग या साऱ्या कार्याचा मध्यबिंदू होय. प्रथिनाची घडण पूर्णपणे मोडून, लिपिडे व पित्तलवण यांच्या सान्निध्यात त्यास रेटिनल पुरविले असता जांभळा रंग परतला. लिपिडांच्या पुटिकांत बसविल्यावर प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमताही परतली. इतकेच नव्हे, तर प्रथिनाचे दोन तुकडेही एकत्र येऊन कार्यक्षम झाले. घडणीची सूचना अनुक्रमातच असते, परंतु ती साकार होण्यास अनुकूल परिसर लागतो, हे यावरून दिसले. मात्र या निष्कर्षाचा अतिविस्तार करू नये. पेशीत असे प्रथिन सामान्यतः तयार होत असतानाच विशिष्ट यंत्रणेद्वारे पटलात बसविले जाते. परीक्षानळीतील पुनर्घडण हा पेशीतील मार्ग नव्हे.

पुढे कृत्रिम जनुक रचून एकेक ॲमिनो अम्ल बदलण्यात आले व ८५ आणि ९६ या स्थानांवरील ॲस्पार्टिक अम्लांचे प्रोटॉनवहनातील महत्त्व सिद्ध झाले. कोणता घटक आवश्यक, हे या पद्धतीने कळते. तो अवकाशात कोठे उभा आहे, हे तिच्याने एकटीने कळत नाही. सात सर्पिलांचे चित्र १९७५ मध्ये हेंडरसन व अनविन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले होते. ही उणीव खोराना यांनी ओळखली असावी. डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनच्या अभ्यासात त्यांनी हबेल यांच्या चुंबकीय अनुस्पंदन तंत्राची जोड घेतली आणि प्रकाश पडताच सर्पिले परस्परसापेक्ष सरकतात, हे १९९६ मध्ये दाखविले.

संकेताच्या अभ्यासात न्यूक्लिइक अम्ले स्वतः रचून प्रश्न विचारण्याची जी रीत त्यांनी अवलंबिली, तीच येथेही आहे. २०११ मध्ये दिवंगत झालेल्या या रसायनज्ञाच्या कार्याचे दोन भाग पाडणे सोयीचे असले, तरी त्यांची पद्धती एकच होती.