आवाज कोणाच्या मालकीचा? अर्नी हार्वेल आणि त्यांचे श्रोते



सौंदर्यविचारावरच्या व्याख्यानात बेसबॉलच्या रेडिओ समालोचकाचं काय काम, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. पण कलाकृतीवर रसिकाचा हक्क किती, आणि रसिकाचं प्रेम हा समीक्षेचा निकष होऊ शकतो का, हे आपल्या शास्त्रातले दोन जुने प्रश्न या विषयात फार उघडेपणाने समोर येतात. म्हणून आम्ही तो मुद्दाम निवडला.

आधी हकिगत सांगतो. अमेरिकेतलं डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. तिथला बेसबॉल संघ डेट्रॉइट टायगर्स. १९६० पासून या संघाच्या सामन्यांचं वर्णन अर्नी हार्वेल करत होते. डिसेंबर १९९० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं की १९९१ चा हंगाम आपला शेवटचा. ते स्वखुशीने निवृत्त होत नव्हते. क्लबला आणि सामने प्रसारित करणाऱ्या डब्ल्यूजेआर या रेडिओ केंद्राला त्यापुढे ते नको होते. बातमी फुटली आणि शहर खवळलं. पत्रं, फोन, निषेध, वर्तमानपत्रांतून टीका. खेळाडूला काढलं तर लोक चिडतात, हे आपण समजू शकतो. इथे एका आवाजाला काढलं म्हणून लोक चिडले होते.

१९९१ चा हंगाम संपला, हार्वेल गेले. १९९२ साली माइक इलिच यांनी संघ विकत घेतला आणि १९९३ मध्ये हार्वेल परत आले. त्यांना परत आणलं ते नव्या मालकाने, हे मान्यच करायला हवं. पण श्रोत्यांनी आपलं म्हणणं आधीच इतकं स्पष्ट मांडून ठेवलं होतं, की लोकांच्या मनात काय आहे हे नव्या मालकाला शोधत बसावं लागलं नाही.

आता प्रश्न असा, की लोक नेमकं कशासाठी भांडत होते? सवयीसाठी? जुन्या आठवणींसाठी? की एखाद्या कलेसाठी?

यासाठी बेसबॉलची घडण थोडी समजून घ्यावी लागते. या खेळाच्या मुख्य स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज सामना. शिवाय खेळात प्रत्यक्ष हालचाल थोडी आणि थांबणं फार. पिचर चेंडू हातात घेऊन उभा, फलंदाज टोपी सारखी करतोय, पंच वाकलाय. ही मधली जागा भरायची कोणी? दूरचित्रवाणीवर ती चित्राने भरते. रेडिओवर तिथे एकच माणूस असतो, आणि तो काय बोलतो, किती बोलतो, कुठे गप्प राहतो, यावर सगळं अवलंबून. त्यामुळे बेसबॉलचा समालोचक हा घटना सांगणारा असतोच, पण त्याहून जास्त तो सोबत करणारा असतो. रात्रपाळीला जाणारा कामगार, दुकानात एकटा बसलेला माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी, यांच्याशी तो सहा महिने रोज तीन तास बोलतो. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

समालोचक म्हटला की आपल्याला संजय आठवतो, आणि वक्त्यांनी हा दाखला वापरून वापरून गुळगुळीत केलाय. तरी आम्ही तो घेणार आहोत, कारण त्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. आपलं लक्ष संजयाच्या दिव्यदृष्टीवर असतं. जरा धृतराष्ट्राकडे बघा. गीतेच्या आरंभीच्या त्याच्या प्रश्नातच त्याने माझे आणि पांडूचे अशी वाटणी करून टाकलीय. ऐकणारा आंधळा आहेच, वर तो पक्षपातीही आहे. जगातल्या प्रत्येक घरच्या संघाच्या समालोचकापुढे असाच श्रोता बसलेला असतो. त्याला आपल्या माणसांचं ऐकायचं असतं. आणि संजय त्याच्याच पदरी आहे, त्याचंच अन्न खातो. तरी तो खरं सांगतो, राजाला नको असलेलंही सांगतो. कसोटी आहे ती इथे.

ही कसोटी किती खरी असते त्याचं एक उदाहरण. रेड बार्बर हे अमेरिकन समालोचनाचे एक आद्य आचार्य. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ तळाला गेला होता आणि एका सामन्याला त्या प्रचंड मैदानात अवघे ४१३ प्रेक्षक होते. बार्बर यांचं म्हणणं असं, की आजची खरी बातमी मैदानातल्या खेळापेक्षा या रिकाम्या खुर्च्यांची आहे. त्यांनी ती प्रसारणात सांगितली. थोड्याच दिवसांत त्यांना कळवण्यात आलं की पुढचा करार होणार नाही. पगार देणाऱ्याचा आवाज आणि ऐकणाऱ्याचा आवाज एकच नसतो, हे त्या दिवशी दिसलं.

हार्वेल याच बार्बर यांच्या जागी मोठ्या मैदानावर आले, तीही गोष्ट गंमतीची आहे. १९४८ साली बार्बर आजारी पडले. ब्रुकलिन डॉजर्स संघाला समालोचक हवा होता आणि हार्वेल अटलांटात करारबद्ध होते. तेव्हा डॉजर्सनी क्लिफ डॅपर नावाचा एक यष्टिरक्षक, म्हणजे त्यांच्या भाषेत कॅचर, अटलांटाला दिला आणि बदल्यात हार्वेलना घेतलं. खेळाडूच्या मोबदल्यात समालोचक, असा सौदा त्या खेळाच्या इतिहासात एकमेव मानला जातो. लहानपणी हार्वेल यांच्या बोलण्यात दोष होता, जीभ नीट वळत नसे. आईवडिलांनी शिकवणी लावून तो घालवला. अशा मुलाच्या आवाजाची पुढे माणसाच्या बदल्यात अदलाबदल झाली! आवाज ही बाजारातली वस्तू आहे, ती विकत घेता येते, हे या गोष्टीत अगदी नागडेपणाने दिसतं. १९९० साली क्लब हेच तर म्हणत होता: आम्ही घेतला, आता नको.

श्रोत्यांचा दावा याच्या उलट होता. तो बरोबर होता असं आम्हांस वाटते, आणि त्याचं कारण हार्वेल यांच्या एका लकबीत सापडतं.

बेसबॉलमध्ये फलंदाजाने उडवलेला फाउल चेंडू पुष्कळदा प्रेक्षकांत जातो, आणि ज्याच्या हाती लागेल त्याने तो घरी न्यायचा असा रिवाज आहे. असा चेंडू कोणी पकडला, की हार्वेल सहज सांगून टाकत, हा अमुक गावच्या गृहस्थांनी पकडला. कधी इप्सिलँटी, कधी सॅगिनॉ. मिशिगन राज्यातली ही लहानमोठी गावं. आता वरच्या कक्षात बसलेल्या माणसाला तो प्रेक्षक कुठल्या गावचा हे कळणार कसं? कळत नव्हतंच. ते गाव ठोकून देत. म्हणजे हे खोटं झालं का?

बार्बर यांच्या ४१३ शेजारी हे ठेवून बघा. प्रेक्षक किती हे लपवणं खोटं ठरलं असतं, कारण त्यात ऐकणाऱ्याला फसवायचं होतं. गावाचं नाव ठोकून देण्यात फसवणूक नाही, कारण हा खेळ आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. आपल्या काव्यशास्त्रात याला कविसमय म्हणतात. चकोर चांदणं पितो असं कवी म्हणाला तर कोणी पक्षितज्ज्ञाला विचारायला जात नाही. पण हा कविसमय नुसती सजावट नव्हता. त्याने श्रोत्याला उचलून मैदानात बसवलं. घरी बसलेला माणूस कान देऊन राहायचा, कारण कधीतरी आपल्या गावाचं नाव येईल. आणि ते आलं, की तो आता फक्त ऐकणारा राहत नसे, त्या वर्णनातलं एक पात्र होई.

रेडिओवरच्या समालोचनात अर्धी कृती बोलणारा करतो आणि अर्धी ऐकणारा. गवताचा हिरवा रंग, चेंडूची उंची, धावणाऱ्याची धूळ, हे सगळं श्रोता स्वतःच्या मनात रचतो. दोघांनी मिळून तीस वर्षं जे घर बांधलं, ते एकाने कागदावर सही करून पाडलं, तर दुसरा ओरडणारच. डेट्रॉइटच्या लोकांचा राग हा भावनेचा उमाळा होता असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. आम्ही त्याला समीक्षा म्हणतो. या कृतीत आमचाही वाटा आहे, असं एक विधान त्या रागात होतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळता येणार नाही. अशाने ज्याच्या मागे लोक जास्त, तो समालोचक थोर, असं होणार नाही का?

याचंही उदाहरण आहे. बेसबॉलच्या समालोचकांना दरवर्षी फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार दिला जातो. हार्वेलना तो १९८१ मध्ये मिळाला. पुढे काही वर्षं अशी पद्धत होती की अंतिम दहा नावांपैकी तीन चाहत्यांच्या मतांनी ठरायची आणि निवड समिती करायची. नोव्हेंबर २००७ मध्ये सिनसिनाटी रेड्स संघाचे जो नक्सहॉल वारले. १९४४ साली, पंधरा वर्षांचे असताना, ते या संघाकडून खेळले होते, आणि नंतर अनेक दशकं रेडिओवर संघाचा आवाज होते. त्यांच्या मृत्यूनंतर चाहते एकवटले. ८२ हजारांहून अधिक मतं त्यांना मिळाली, इतरांना फार मागे टाकून. पुरस्कार मात्र समितीने सिएटलच्या डेव्ह नीहाउस यांना दिला.

समिती चुकली का? आम्हांस तसं वाटत नाही. नीहाउस हेही आपल्या भागात तितकेच लाडके होते. घोटाळा प्रश्नात होता. समितीला विचारलं होतं, उत्तम कोण? ८२ हजार लोकांनी उत्तर दिलं ते वेगळ्या प्रश्नाचं: आमचा कोण? कान्टने नुसतं आवडणं आणि सुंदर ठरवणं यांत फरक केला तो इथे उपयोगी पडतो. सुंदर म्हणताना आपण सगळ्यांची संमती मागतो. आमचा म्हणताना आपल्याला कोणाची संमती नको असते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण एकाच मतपेटीत टाकली की दोघांचीही किंमत कमी होते.

लोक नेहमी बरोबर असतात असंही समजू नका. १९६८ च्या अंतिम मालिकेत पाचव्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणायला हार्वेल यांनी होसे फेलिसियानो या अंध, तरुण, पोर्तो रिकोत जन्मलेल्या गायकाला बोलावलं. त्याने ते आपल्या ढंगात, गिटारवर, संथ लयीत म्हटलं. लोक भडकले, तक्रारींचा पाऊस पडला. हार्वेल गायकाच्या बाजूने उभे राहिले. संतापलेले श्रोते १९६८ मध्येही होते आणि १९९० मध्येही होते. पहिल्यांदा ते स्वतःच्या सवयीचं रक्षण करत होते, दुसऱ्यांदा एका कृतीचं. बाहेरून राग सारखाच दिसतो, पण निकष वेगळा आहे.

तो निकष कोणता? अभिनवगुप्तांच्या परंपरेत ज्याला साधारणीकरण म्हणतात, तो. रसास्वादात माझं आणि परक्याचं ही गाठ सुटते. घरच्या संघाचा समालोचक सुरुवात करतो ती ममत्वापासूनच, धृतराष्ट्रापासूनच. तो तिथेच राहिला तर भाट झाला. श्रोत्याला बोटाला धरून त्याने ममत्वाच्या पलीकडे नेलं, तर कलावंत झाला. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक आरन यांनी ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. तेव्हा विन स्कली हे विरुद्ध संघाचे, डॉजर्सचे समालोचक होते. त्यांच्याच पिचरला तो फटका बसला होता. स्कली गप्प झाले, लोकांचा जल्लोष तेवढा ऐकू दिला. आणि मग बोलले ते एवढंच, की दक्षिणेत, एका कृष्णवर्णीयासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत, हा देशासाठी आणि जगासाठी केवढा क्षण आहे. आपल्या हरण्याच्या जागी उभं राहून त्यांनी श्रोत्याला हे दाखवलं. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाला दाद देण्याबद्दल हार्वेलही ओळखले जात. चाहत्यांच्या प्रेमाची परीक्षा घ्यायची तर आम्ही एवढंच विचारू: तुमच्या आठवणीत या माणसाच्या तोंडून ऐकलेली परक्याची स्तुती आहे का? असेल, तर तुमचं प्रेम समीक्षेच्या दारात आलं.

शेवट ठाऊक आहेच. २००२ मध्ये हार्वेल स्वतःच्या इच्छेने निवृत्त झाले. सप्टेंबर २००९ मध्ये, कर्करोगावर आता उपाय नाही हे कळल्यावर, भर मैदानात उभं राहून त्यांनी लोकांचा निरोप घेतला. ४ मे २०१० रोजी ते गेले, वय ९२. पार्थिव कोमेरिका पार्क मैदानात ठेवलं होतं आणि दहा हजारांहून अधिक माणसं रात्रभर रांगेने येऊन गेली. त्या रांगेत मतपत्रिका नव्हती. त्या लोकांना काही जिंकायचं नव्हतं. आवाज विकत घेणाऱ्यांच्या नावे करार होता, पण घर कोणी कोणाबरोबर बांधलं होतं, हे त्या रांगेवरून कळत होतं.

आपल्याकडेही आवाज येतात आणि एका पत्राने बंद होतात. तेव्हा आपण हळहळतो आणि पुढचं केंद्र लावतो. हळहळण्याआधी, त्या आवाजात आपला वाटा कोणता होता, हे स्वतःशी नीट मांडता आलं पाहिजे. ते मांडता आलं तर भांडताही येईल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.