कानबाई नाचते, पण गाते का?

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार-सोमवार आला की मोबाइलवर कानबाईच्या रील्स सुरू होतात. जळगाव-धुळ्याच्या असतात, तशा सुरतेतल्या खान्देशी वस्त्यांच्याही असतात. डोक्यावर कानबाई, पुढे बायकांच्या फुगड्या, मागे डीजे. आवाज बंद केला तर धुळं कुठलं आणि सुरत कुठली, ओळखू येत नाही. खान्देशी माणसाने हा नाच इतका जपून सोबत नेलाय. माझी तक्रार आवाज सुरू केल्यावरची आहे.

सुरत आपल्याला परकी नाही. भुसावळवरून वाहणारी तापी पुढे सुरतेला जाते. जळगाव-नंदुरबार-उधना या रेल्वेमार्गाने आपली माणसं तिथल्या कापड उद्योगात कामाला गेली आणि तिथलीच झाली. त्यांची नातवंडं शाळेत गुजराती-हिंदी बोलतात. ‘आम्ही खान्देशी’ हे दाखवायला त्यांच्याकडे वर्षातून एकदा कानबाई असते. म्हणून मिरवणूक मोठी झाली, आणि त्यात वाईट काही नाही.

पण मिरवणूक हा सणाचा शेवट आहे. गाभा आहे आदल्या रात्रीचं जागरण. तेव्हा बायका कानबाईपुढे बसून अहिराणी गाणी म्हणतात. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. रील सोमवारचा नाच टिपते, रविवारची रात्र तिच्या तीस सेकंदांत मावत नाही. ठेका पुढे जातो, शब्द मागे राहतात.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. पोलंडमध्ये १९४८ साली ‘माझोव्शे’ हा सरकारी संच निघाला. त्याने गावोगावचे नाच आणि गाणी रंगमंचासाठी बसवली. परदेशी स्थायिक झालेल्या पोलिश लोकांच्या नृत्यमंडळांवरही त्या धाटणीचा मोठा प्रभाव पडला. त्यामुळे वारसा टिकला हे खरंच, पण मंचावर सफाई येते तेव्हा गावागावांतले बारकावे पुसट होतात. त्या संचाने निदान गाणं सोडलं नाही. आपण तेच डीजेखाली दाबतोय.

हे दाबणं परवडणारं नाही. जनगणनेत अहिराणी ज्या ‘खान्देशी’ नावाखाली मोजतात, तिचे भाषक २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख होते. २०११ मध्ये ते १८.६ लाखांवर आले. लोकसंख्या वाढली, बोलणारे घटले.

आणखी एक गोष्ट खटकते. रोटांसाठी गहू घेताना बऱ्याच घरांत पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजतात. गाणी मात्र बायकांच्या तोंडी आहेत. ज्यांनी भाषा सांभाळली त्यांच्या नावाची मूठ नाही, आणि आता मिरवणुकीत त्यांचा आवाजही नाही. नाच जपल्याचं कौतुक करताना हा हिशेब मला सुटत नाही. यंदा रविवारी रात्री फोन आजीसमोर ठेवा आणि तिचं गाणं संपेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका.