योनाचा रोष

‘योना’ हे जुन्या करारातील अवघ्या 4 अध्यायांचे व 48 वचनांचे पुस्तक. बारा लघुसंदेष्ट्यांच्या ग्रंथांत त्याची गणना होत असली तरी त्याची जात वेगळी आहे. इतर ग्रंथ मुख्यतः संदेष्ट्यांची वचने सांगतात; हा ग्रंथ संदेष्ट्याचीच कथा सांगतो. योनाचे निनवेतील प्रवचन मूळ हिब्रूत केवळ 5 शब्दांचे आहे. लोकस्मृतीत ठसलेला मासा तीनच वचनांत येतो. ग्रंथाचा भर आहे तो योनाच्या रोषावर.

या रोषाचे कारण ग्रंथकाराने कौशल्याने लांबणीवर टाकले आहे. निनवेस जाण्याची आज्ञा होताच योना तार्शीशच्या दिशेने पळतो. तो भयाने पळाला, असे वाचक समजून चालतो. चौथ्या अध्यायात उलगडा होतो, की त्याला शंका होती ती देवाच्या क्षमाशीलतेची. नगर पश्चात्ताप करील आणि देव त्याला सोडून देईल, हेच त्याला नको होते. येथे तो देवाच्या दयाळूपणाचे जे वर्णन करतो, ते निर्गम ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायातील होय. सुवर्णवत्साच्या पातकानंतर इस्राएलला आधार झालेले ते शब्द योनाच्या मुखी आरोपपत्र होतात. दया तीच, पात्र मात्र बदलले.

तथापि हा रोष निव्वळ क्षुद्रपणाचा मानणे योग्य नव्हे. कथेतील योना हा दुसऱ्या यराबामाच्या काळातील, म्हणजे इसवी सनपूर्व आठव्या शतकातील संदेष्टा. त्याच शतकात, इ. स. पू. 722 च्या सुमारास, अश्शूरी सत्तेने शोमरोन जिंकून उत्तरेचे राज्य बुडविले. निनवे पुढे त्याच सत्तेची राजधानी झाली. ग्रंथाची रचना बहुतेक अभ्यासक निर्वासनोत्तर काळातील मानतात. तेव्हा वाचलेल्या निनवेने पुढे काय केले, हे आद्य वाचकांस ठाऊक होते. अत्याचाऱ्यास मिळालेली क्षमा हा पीडितावरील अन्याय नव्हे काय, हा योनाच्या रोषातील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नास देव सिद्धान्ताने उत्तर देत नाही. एक वेल उगवतो आणि सुकवितो. समुद्रातून सुटका व उन्हात सावली या दोन्ही कृपा योनाने विनातक्रार स्वीकारल्या होत्या. न लावलेल्या वेलीसाठी हळहळणाऱ्याला मग 1,20,000 हून अधिक अजाण माणसांची व पुष्कळ गुराढोरांची आठवण करून दिली जाते. निनवे निर्दोष असल्याचा दावा त्यात नाही. योनाच्या उत्तराविनाच ग्रंथ संपतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टांताची अखेरही अशीच आहे. उधळ्या पुत्राच्या मेजवानीत थोरला मुलगा येत नाही. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. आपल्या सेवेचा हिशेब तो मांडतो, आणि तो हिशेब खोटा नसतो. बाप त्याचीही मनधरणी करावयास बाहेर येतो. थोरला आत गेला किंवा नाही, हे लूक सांगत नाही.

ख्रिस्ती भाष्यपरंपरेने मात्र ही मोकळी जागा पुष्कळदा घाईने भरून काढली. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने निनवेच्या उद्धाराने खिन्न झालेल्या योनात इस्राएल लोकांची प्रतिमा पाहिली, आणि पुढे योना संकुचित यहुदी वृत्तीचा नमुना ठरत गेला. या अर्थनिर्णयातील विसंगती गंभीर आहे. निनवेस क्षमा नाकारू पाहणाऱ्या योनाला भाष्यकारांनीच क्षमा नाकारली. परक्याच्या दोषाचा निवाडा करून ते स्वतः रोषाच्या जागी जाऊन बसले. याउलट, यहुदी परंपरेत हा ग्रंथ योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्तदिनाच्या, दुपारच्या उपासनेत वाचला जातो. तेथे योनाची कथा उपवास करणाऱ्या समाजाची स्वतःची ठरते. ग्रंथाच्या प्रश्नान्त रचनेशी हेच वाचन अधिक सुसंगत आहे. देव ज्याच्याशी अखेरपर्यंत बोलत राहतो, तो निनवेचा राजा नव्हे, नगराबाहेर रुसून बसलेला योना आहे. आणि त्याने न दिलेले उत्तर वाचकाकडे बाकी राहते.