तरंगता तळ आणि अर्धे उत्तर

उपग्रह समुद्रातून का सोडायचे, या प्रश्नाला लोकप्रिय विज्ञानलेखांत बहुधा एकच उत्तर मिळते. विषुववृत्तावर पृथ्वीच्या परिवलनाचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून अग्निबाणाला फुकटचा रेटा मिळतो. हे उत्तर चूक नाही. पण अर्धे आहे, आणि तेही कमी महत्त्वाचे अर्धे.

थोडी आकडेमोड करून पाहू. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला ४६५ मीटर असतो. इतरत्र त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल २८.५ अंशांवर आहे. तेथे वेग ४०९ मीटर येतो. फरक अवघा ५६ मीटरचा. पृथ्वीलगतच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७,८०० मीटर वेग लागतो, म्हणजे बचत एक टक्काही नाही. एवढ्यासाठी कोणी कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदरातून पॅसिफिकच्या मध्यापर्यंत अग्निबाण वाहून नेईल काय? ‘सी लाँच’ कंपनीने तेलविहिरी खणणाऱ्या जुन्या तरंगत्या मंचाचा तळ करून १९९९ ते २०१४ या काळात असे ३६ अग्निबाण सोडले.

खरे कारण कोनात आहे. हे बहुतेक दळणवळण उपग्रह होते. त्यांना विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षा हवी असते. कोणत्याही कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जाते. त्यामुळे केप कॅनाव्हरलहून थेट पूर्वेला सोडलेल्या उपग्रहाची कक्षा २८.५ अंशांनी कललेलीच राहते. हा कल काढायला वर गेल्यावर सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगबदल जास्तीचा लागतो. परिवलनाच्या बचतीच्या हा सहापट झाला! त्यासाठी बहुधा उपग्रहाचेच इंधन खर्ची पडते आणि त्याचे आयुष्य घटते.

दुसरी उणीव अशी, की अशा लेखांत फायदा येतो, किंमत येत नाही. ३० जानेवारी २००७ रोजी याच तळावर अग्निबाणाचा स्फोट झाला. माणसे आधीच दूरच्या जहाजावर गेलेली असल्याने प्राणहानी टळली. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भौतिकशास्त्राचा फायदा तेवढाच राहिला, पण धंदा टिकायला तो पुरला नाही.

वर्गात पृथ्वीच्या गोलाभोवती दोरा असा गुंडाळायला सांगावा, की त्याने गोलाचे दोन समान भाग व्हावेत आणि तो फ्लोरिडावरूनही जावा. तो विषुववृत्तावर आडवा बसतच नाही, हे मुलांना हातानेच कळेल. त्यानंतर कोसाइनचा तक्ता काढावा. ‘जास्त वेग मिळतो’ एवढ्यावर थांबलेल्या उत्तराला ‘किती?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागणे, हे या धड्यातले खरे विज्ञान आहे.