अष्टक पूर्ण झालं, पण हिशेबाचं काय?

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पोटॅशची गोणी सगळ्यांच्या ओळखीची. पेट-नेटची तयारी करत असाल तर ती एकदा नीट वाचा. तिच्यावर पोटॅशचं प्रमाण 'के-टू-ओ ६० टक्के' असं मोजलेलं असतं. आत मात्र के-टू-ओ औषधालाही नसतं. असतं ते पोटॅशियम क्लोराईड. शुद्ध पोटॅशियम क्लोराईड या मापाने ६३ टक्के भरतं. ही मोजायची जुनी रीत आहे, फसवणूक नव्हे. मापालाच पदार्थ समजलो, तर चूक आपली.

आयनिक बंध शिकताना आपण हेच करतो. 'पोटॅशियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा, क्लोरीनला हवासा; देवाणघेवाण झाली, दोघांचं अष्टक पूर्ण, दोघे स्थिर.' कोसेल आणि लुईस यांनी १९१६ मध्ये मांडलेली ही कल्पना टाकाऊ नाही. संयुगाचं सूत्र काय असेल, ते ती झटकन सांगते. पण बंध का होतो? तिथे ती गप्प बसते.

हिशेब मांडून बघा, सगळे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४१९ खर्च. क्लोरीन तो घेतं तेव्हा ३४९ परत. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत ७० चा तोटा! धातूचे अणू सुटे करायला आणखी ८९, क्लोरीनचे अणू सुटे करायला १२१. खड्डा झाला २८० चा. तो भरतो स्फटिक: आयन एकत्र रचले जाताना सुमारे ७१७ बाहेर पडतात. निव्वळ फायदा ४३७. यालाच बॉर्न-हाबर चक्र म्हणतात.

पुस्तकातली दोन गोलांची आकृतीही इथेच अडते. स्फटिकात प्रत्येक पोटॅशियम आयनाभोवती सहा क्लोराईड असतात, प्रत्येक क्लोराईडभोवती सहा पोटॅशियम. जोडी अशी नसतेच. सूत्र फक्त प्रमाण सांगतं. पाण्यात हे आयन सुटे होतात. आपल्या काळ्या मातीतले ऋणप्रभारित चिकणमातीचे थर पोटॅशियम आयन धरून ठेवतात, आणि केळीचं मूळ तोच आयन उचलतं.

मुलाखतीत 'अष्टक पूर्ण होतं म्हणून' एवढंच म्हणालात, तर पुढचा प्रश्न अडवेल: ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन देताना उलट ऊर्जा खर्च होते, तरी के-टू-ओ बनतंच कसं?

उत्तर वरच्याच हिशेबात आहे. कागद घ्या, मांडा.